माझा भाता उघडा राहिला तेव्हा

पंचवीस पांढऱ्या पट्ट्या आणि सतरा काळ्या, मिळून बेचाळीस. प्रत्येक पट्टीखाली पितळेच्या दोन रीड, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या पातळ जिभा; एकूण चौऱ्याऐंशी. त्यांतली एक कायमची मुकी, म्हणून बोलणाऱ्या त्र्याऐंशी. समोर ओढायचे सात खटके. त्यांतल्या चार खटक्यांनी हवेची वाट उघडते, उरलेले तीन नुसते शोभेचे. मागे एक भाता, त्याच्या कापडाला एक ठिगळ, आणि तो मिटून ठेवायला एक आकडी. उजव्या अंगाला बांगडीने पडलेला लांब चरा.

मित्रांनो, एवढं मोजलं की मी पुरी होते. मी एक जुनी पेटी आहे, काही जण मला हार्मोनियम म्हणतात. माझ्यात आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र मोजता येत नाही. मी फार मत्सरी आहे. माझी गोष्ट सांगायची तर त्या मत्सराचीच सांगावी लागेल.

माझा जन्म कोल्हापूरचा. सागवानाचे तुकडे, पितळ, चामडं आणि कापड यांतून एका लहानशा कारखान्यात मला बनवलं. तिथून मिरजेच्या मुलींच्या शाळेतल्या गायनाच्या बाईंनी मला विकत घेतलं. त्यांचं नाव लीलावती. मी घरी आले तेव्हा वाटलं, आता बाई माझ्याच. पण दुसऱ्याच दिवशी त्या मला शाळेत घेऊन गेल्या, आणि तिथे खिडकीखाली एक पेटी आधीच बसलेली होती. माझ्याहून जुनी, एका कोपऱ्याला उंदराने कुरतडलेली. बाईंनी आम्हां दोघींना एकत्र वाजवलं आणि तोंड वाकडं केलं. आमचे सूर जुळत नव्हते.

इथे थोडं विज्ञान सांगते, पुढे लागेल. सूर म्हणजे थरथर. माझी रीड सेकंदाला किती वेळा थरथरते, त्यावर सूर उंच की खालचा हे ठरतं. दोन वाद्यांच्या सुरांत थोडासा फरक असेल, तर ते एकत्र वाजवल्यावर आवाज हेलकावतो, कमी-जास्त, कमी-जास्त. सेकंदाला आठ थरथरींचा फरक असेल तर सेकंदाला बरोबर आठ हेलकावे. फरक कमी करायचा तर रीड घासावी लागते. टोकाशी घासली की टोक हलकं होतं, रीड भरभर हलते आणि सूर चढतो. बुडाशी घासली की बूड मऊ पडतं आणि सूर उतरतो.

ती जुनी पेटी माझ्यापेक्षा खालच्या सुरात होती. तिच्या रीड इतक्या झिजलेल्या की त्यांना पुन्हा कानस लागली असती तर तुटल्या असत्या. म्हणून बाईंनी मला उतरवलं. माझ्या साऱ्या रीड बुडाशी घासून मला तिच्यासारखं केलं. त्या कुरतडलेल्या पेटीचा मला जो राग आला, तो माझा पहिला मत्सर. तिच्यापायी मी बदलायचं, आणि ती खिडकीखाली मजेत बसणार.

तरी ती वर्षं चांगली होती. शाळेतल्या किती मुली माझ्या सुरावर उभ्या राहिल्या, त्याचा हिशेब मी ठेवला नाही. बाईंचा एक नियम मात्र मुलींना गाण्याआधी शिकवला जायचा. वाजवून झालं की भाता मिटायचा, आकडी लावायची, मगच उठायचं. दारावर कुणी आलं तरी. उघड्या भात्याच्या घड्या ताणतात, आत धूळ जाते, दमट हवा जाते, आणि मग रीड एकेक करून मुक्या होतात.

बाई गेल्या. शाळेने ती जुनी पेटी मोडीत काढली. मी बाईंच्या मुलाकडे, विनयकडे राहिले. विनय बँकेत. त्याची बदली लखनौला झाली तेव्हा त्याची बायको सरोज म्हणाली होती, "पेटी इथेच कुणाला तरी देऊ या." पण मुलीने ऐकलं नाही. त्यांची मुलगी अश्लेषा तेव्हा तेरा वर्षांची होती. आजीने तिला माझ्यावर वाजवायला शिकवलं होतं.

लखनौच्या चारबाग स्टेशनवर हमालाने मला डोक्यावर घेतलं आणि विचारलं, "बाबूजी, इसमें सिलाई मशीन है क्या?"

विनय म्हणाला, "हाँ, वैसा ही कुछ."

मित्रांनो, त्या दिवसापासून मला शिलाई मशीनचाही मत्सर वाटतो.

महानगर नावाच्या वस्तीत दुसऱ्या मजल्यावर आमचं घर. लखनौतल्या मराठी मंडळींच्या गणपतीत पहिल्या वर्षी आरत्यांना मला नेलं. "वा, पेटी आली, आता खरी आरती," असं एक काका म्हणाले. ते कौतुक मी वर्षभर पुरवलं. पुढच्या वर्षी काकांनीच हाताएवढा एक स्पीकर आणला. त्याला भाता नाही, पट्ट्या नाहीत, पण त्यातून आरती झांजांसकट निघाली. मी घरी दिवाणाखाली होते. माझ्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले होते.

पण अश्लेषा माझी होती. ती रोज शाळेतून यायची, हातपाय धुवायची आणि मला पुढे ओढायची. सरोज स्वयंपाकघरातून विचारायची, "डबा कुणाबरोबर खाल्लास?"

"होत्या मुली."

"कोण?"

"असतात गं. तू भाजी बघ, करपतेय."

मुली नव्हत्या. हे मला तिच्या बोटांवरून कळायचं. ज्या दिवशी शाळेत तिच्याशी कुणी बोललेलं नसे, त्या दिवशी ती फक्त खालच्या सप्तकात वाजवायची, एकच ओळ, पुन्हा पुन्हा. वर्गात उत्तर माहीत असूनही ती हात वर करायची नाही. तिच्या हिंदीवर एकदा सगळा वर्ग हसला होता, तेवढं तिला पुरलं होतं. मी सरळ सांगते, मला ते दिवस आवडायचे. तिला दुसरं कुणी नव्हतं, म्हणजे मीच होते. तिने मोबाईलवर माझा सूर मोजला होता. पांढरी सहा, म्हणजे मधल्या सप्तकातली सहावी पांढरी पट्टी, जगात बहुतेक ठिकाणी सेकंदाला चारशे चाळीस थरथरींवर असते. माझी चारशे बत्तीसवर. "आपण दोघी आठने कमी," असं ती एकदा मला म्हणाली. एवढं गोड माझ्याशी कुणीच बोललेलं नाही.

मग अनघाताई आल्या.

अनघाताई त्या गणपतीच्या मराठी मंडळातल्या. नाटकांना संगीत देतात. त्यांच्या हिंदी नाट्यसंस्थेचं एक नवं संगीत नाटक येत होतं, सगळी लखनौची तरुण मुलं. त्या चहा पिता पिता सरोजला म्हणाल्या, "तुझी पेटी देशील का थोडे दिवस? स्टेजवर हवीय."

"वाजवायला?"

"नाही गं, दिसायला. जुनी दिसते ना छान. वाजवायला की-बोर्ड आहे. तुमची पेटी सगळ्यांपेक्षा उतरलेली. की-बोर्ड खाली आणता येईल, पण बासरी कशी आणू? आणि अर्धं संगीत आधीच रेकॉर्ड झालंय."

अश्लेषा दारात उभी होती. ती म्हणाली, "ती दिसायला नाहीये."

"अश्लेषा," विनय म्हणाला, "घरच्याच आहेत ताई."

"मग भाता मिटून ठेवायचा. वाजवून झालं की आकडी लावायची. लावाल ना?"

"लावू गं बाई, लावू," अनघाताई हसून म्हणाल्या.

कैसरबागेतल्या एका सभागृहात माझी रवानगी झाली. नाटकाचं नाव 'सीढ़ियों पर कोई है'. गोष्ट अमन नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाची. तो नव्या इमारतीत राहायला आलेला असतो. घरात कुणी नसतं, म्हणून तो पेटी घेऊन जिन्यात बसतो. येणारा-जाणारा विचारतो, "किसी का इंतज़ार है, बेटा?" तो म्हणतो, "जी, आ ही रहे हैं." कुणीच येत नसतं.

अमनचं काम उत्कर्ष नावाचा कॉलेजचा मुलगा करायचा. त्याला पेटीतलं काही येत नव्हतं. माझे खटके आत दाबून ठेवलेले, म्हणजे हवेची वाट बंद. तो पट्ट्यांवर बोटं फिरवायचा आणि माझ्यातून फक्त लाकडाची टकटक यायची. सूर यायचा विंगेतून. तिथे शिफ़ा नावाची मुलगी की-बोर्ड घेऊन बसायची. त्यावर ती एक बटण दाबायची आणि त्या प्लास्टिकच्या फळीतून माझा आवाज यायचा. हुबेहूब नाही, पण लोकांना चालेल इतका. त्या फळीला फुप्फुस नाही. तिला कुणी कधी घासलेलं नाही. तिला मी शाप दिले.

पहिल्या प्रयोगाला अश्लेषा आईबाबांबरोबर आली. तिसऱ्या रांगेत बसली. मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर होते, तिथून ती मला दिसत होती.

नाटक फार चांगलं होतं. हे म्हणायला मला जड जातं. शेवटाकडे इमारतीतली वीज जाते. अंधारात वरच्या मजल्यावरची एक मुलगी अमनच्या खालच्या पायरीवर येऊन बसते आणि म्हणते, "रुक क्यों गए? बजाओ न." तो म्हणतो, "आगे नहीं आता." मग ती गुणगुणायला लागते. एकेक दार उघडतं, कुणी मेणबत्ती घेऊन येतं, कुणी ताट वाजवतं, आणि सगळा जिना गायला लागतो: 'कोई पूछे तो कह देना, हम बस नीचे ही रहते हैं.' गाता गाता ते सगळे गच्चीकडे निघतात. अमन उठतो. मला तिथेच सोडतो, भाता सताड उघडा ठेवून. वरून आवाज येत राहतो आणि एकच दिवा माझ्यावर उरतो. पडदा.

मित्रांनो, लक्षात आलं का? त्या नाटकात एकटेपणाचं काम मला दिलं होतं. मी मागे राहिले म्हणून लोक टाळ्या वाजवत होते.

आणि अश्लेषा रडत होती. उघडपणे, नाक ओढत, आईच्या ओढणीने डोळे पुसत. लखनौतल्या आमच्या दोन वर्षांत ती माझ्यापाशी एकदाही रडली नव्हती. एका खोट्या मुलासाठी, ज्याला धड एक पट्टी वाजवता येत नाही, ती दोन तासांत रडली. त्या मुलाचा मला जेवढा मत्सर वाटला, तेवढा कुरतडलेल्या पेटीचाही कधी वाटला नव्हता. मला वाटलं, आता ही घरी जाऊन मला मिटेल, दिवाणाखाली ढकलेल आणि गच्चीवर जाईल.

पडदा पुन्हा उघडला. सगळे नट हात जोडून उभे राहिले. टाळ्या चालू होत्या. तेवढ्यात अश्लेषा खुर्चीतून उठली, बाजूच्या पायऱ्या चढली आणि सरळ स्टेजवर आली.

सरोज मागून म्हणाली, "अगं, कुठे निघालीस?"

विंगेतला एक माणूस धावत आला. "मैडम, ऊपर नहीं आते."

"एक मिनट," अश्लेषा म्हणाली. ती माझ्यापाशी वाकली. तिने भाता मिटला आणि आकडी लावली.

उत्कर्षच्या गालावर अजून रंग होता. तो म्हणाला, "अरे, ये सीन है. खुला ही छोड़ना है. सैड लगता है."

"सैड लगता है, और ख़राब भी होता है," अश्लेषा म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. "इसमें धूल जाती है. बजाने के बाद बंद करके उठते हैं. कोई भी आए."

"सीन में तो पूरी बिल्डिंग आ गई थी."

"तो पूरी बिल्डिंग रुकती."

उत्कर्ष मोठ्याने हसला. पुढच्या रांगेतले दोघे-तिघेही हसले. मी घाबरले. हसणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. पण अश्लेषाही हसली.

शिफ़ा विंगेतून बाहेर आली. "ये बजता भी है? हम तो समझे थे डिब्बा है."

डबा म्हणाली ती मला. अश्लेषाने आकडी काढली, दोन खटके ओढले आणि नाटकातलीच ती ओळ वाजवली. खालच्या सप्तकात नाही, मधल्या. सभागृहातून निघालेली माणसं दारात थांबली. शिफ़ाने आत जाऊन की-बोर्डवर तोच सूर धरला, आणि आम्ही दोघी एकत्र वाजलो. भयंकर हेलकावा. उत्कर्षने कानांवर हात ठेवले.

"उफ़," शिफ़ा म्हणाली, "ये तो काँप रहा है."

"आठ का फ़र्क़ है. ये चार सौ बत्तीस पर है."

"आपको कैसे पता?"

"नापा है."

"घर में अकेले बैठकर नापती रहती हैं?"

"हाँ," अश्लेषा म्हणाली.

यावर कुणी हसलं नाही. शिफ़ाने केस मागे सारले. "हम भी अकेले ही बैठते हैं. विंग में. सामने से तो कोई देखता ही नहीं कि बजा कौन रहा है. चाय पिएँगी?"

अश्लेषाने भाता मिटला, आकडी लावली आणि त्यांच्याबरोबर गेली. माझ्यावर खोळ घालायला मात्र विसरली. मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून त्यांचं हसणं ऐकत राहिले. ती स्टेजवर माझ्यासाठी चढली होती. उतरली ती त्यांच्यासाठी.

पुढच्या आठवड्यात शिफ़ा घरी आली. मला परत आणलं होतं. जमिनीवर बसून तिने मला उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, हिला चढवता येत नाही का? येत असेल तर पुढच्या प्रयोगांत शेवटचं गाणं अश्लेषा माझ्यावरच वाजवेल. विंगेत एक जागा आहे. अनघाताईंना रीड घासता येतात, त्यांनी वडिलांकडून शिकून घेतलं होतं.

विनयने वर्तमानपत्र खाली ठेवलं. "आईचा सूर आहे तो," तो म्हणाला.

"बाबा, आजीने तो त्या दुसऱ्या पेटीसाठी उतरवला होता ना?"

"हो."

"ती पेटी आता कुठेय?"

"शाळेने मोडीत काढली."

"मग ही आता कुणाबरोबर वाजणार?"

विनय उठला. माझ्या उजव्या अंगावरच्या चऱ्यावरून त्याने बोट फिरवलं. ती त्याच्या आईची बांगडी होती. मग तो म्हणाला, "बघा. पण हळू घासा. घासलेलं परत येत नाही."

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. मला आठने कमीच राहायचं होतं, अश्लेषाबरोबर.

माझी पाठ उघडली. एकेक रीड बाहेर निघाली. अनघाताईंनी पहिल्या काही करून दाखवल्या, मग दोघी मुलींच्या हाती कानस दिली. शिफ़ा की-बोर्डवर सूर धरायची, अश्लेषा माझा. दोघी डोकी जोडून हेलकावे ऐकायच्या. मग रीडच्या टोकाशी कानस एकदा, हलकी. पुन्हा ऐकायचं. हेलकावे सावकाश होत जायचे. मी तेव्हा काय ऐकत होते? माझ्या अंगातून लीलावतीबाईंची शाळा एका वेळी एक सूर करून निघून चालली होती. वर दोघींच्या गप्पा चाललेल्या. शाळेतल्या कुणाची तरी नक्कल, कुणाच्या तरी भावाचं लग्न. अश्लेषा हिंदीत चुकत होती, शिफ़ा सुधारत होती, आणि अश्लेषा पुढच्या वाक्यात पुन्हा चुकत होती.

सरोजने थालीपीठ आणलं. "तिला विचार गं, तिखट चालेल का."

"आंटी, एक और हो तो हम मना नहीं करेंगे," शिफ़ा म्हणाली. तिच्या बोटांचं लोणी माझ्या काळ्या पट्टीला लागलं. अश्लेषाने ते लगेच पुसलं. तेवढ्याने मला बरं वाटलं, आणि तेवढ्याने बरं वाटलं याचाही राग आला.

ती मुकी रीड त्यांनाही बोलती करता आली नाही. ती मुकीच राहिली. ती माझी, जशी होती तशी.

मित्रांनो, तुमच्या घरी पेटी असेल तर माझं एवढं ऐका. तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवू नका. आठवड्यातून एकदा तरी तिच्यात हवा भरा. दर खेपेला भाता मिटून आकडी लावा, दारावर कुणीही आलेलं असो. आणि तिच्यासमोर रोज एकच मूल एकटं बसून वाजवत असेल, तर दार वाजवा आणि विचारा, पुढचं येतं का? पेटीला ते आवडणार नाही. तरी विचारा.

काल शेवटची रीड बसली. माझी पाठ बंद केली, चार खटके ओढले. सरोज ओढणीला हात पुसत दारात उभी राहिली, विनय तिच्या मागे. शिफ़ाने की-बोर्डवर पांढरी सहा धरली. अश्लेषाने माझी पांढरी सहा धरली आणि डाव्या हाताने भाता एकसारखा हलवत ठेवला. मोबाईलवर घड्याळ लावलं. आधी दहा सेकंदांत ऐंशी हेलकावे यायचे.

दहा सेकंदांत तीन आले.